नऊ ऑगस्टची बंद घरं

दार नसलेलं घर तुम्ही कधी पाहिलंय का? नसेल, तर माझ्याबरोबर ते डोळ्यांसमोर आणा. कारवीच्या काठ्या रोवून त्यांवर शेणमाती थापलेल्या भिंती. वर गवताचं छप्पर, इतकं खाली उतरलेलं की आत जाताना तुमच्या वर्गातल्या सगळ्यात बुटक्या मुलालाही वाकावं लागेल. दाराच्या जागी बांबूची विणलेली झाप. तिला बिजागरी नाही, कडी नाही. कुत्रं आत येऊ नये म्हणून ती आडवी लावायची आणि आत जाताना उचलून भिंतीला टेकवायची, बस. अशी एकोणतीस घरं एका टेपाडावर. ती टेपाची वाडी, कातकऱ्यांची. खाली ओढा, ओढ्याच्या अलीकडे हेदवणे गाव, आणि गावात माझी चार इयत्तांची शाळा.

आलं डोळ्यांसमोर? आता वाडीतल्या जांभळीखाली शाळेतली लोखंडी खुर्ची ठेवा. तिच्यावर पुण्याहून आलेले डॉक्टर केळुसकर बसलेत. त्यांच्या मांडीवर छापील फॉर्मांचा गठ्ठा आहे. समोर जमिनीवर काळू हिलम बसलाय, गुडघ्यांना हातांचा विळखा घालून. त्यांच्या मध्ये मी बसलेय, कारण डॉक्टरांना कुणीतरी सांगितलं होतं की बाई सोबत असल्या की ही माणसं बोलतात. आणि काळूच्या मागे, झापेला टेकून, त्याची मोठी मुलगी बुधी उभी आहे. वय नऊ, इयत्ता चौथी. कडेवर दहा महिन्यांचा भाऊ लख्या. कानाच्या वर केसांत पेन्सिलीचा एक बुटका तुकडा खोचलेला.

या गोष्टीला पस्तीस वर्षं होऊन गेली. त्या दिवशी दिवाळी आठ दिवसांवर आली होती.

महिन्याभरापूर्वी गोवर आला होता. गावातही आला, वाडीतही आला. गावात एकतीस मुलं अंगावर पुरळ घेऊन झोपली आणि एकतीस उठली. वाडीत चौतीस झोपली आणि सत्तावीस उठली. सात गेली, त्यांतली एक बुधीची पाठची बहीण चिमी, चार वर्षांची. लख्या तेवढा गोवरातून सुटला होता, कारण त्या दिवसांत त्याची आई त्याला घेऊन माहेरी, दोन डोंगरांपलीकडच्या वाडीत गेली होती.

आजार एकच, ओढाही एकच. मग एका काठावर एकही नाही आणि दुसऱ्या काठावर सात, असं का? हेच शोधायला डॉक्टर आले होते. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. नाहीतर मी रागावलेय म्हणून तुम्ही त्यांना वाईट समजाल. चढ चढताना त्यांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. लोकांनी लस घेतली नाही किंवा लोक जागेवर नव्हते, असं निघालं तर अहवालात लोकशिक्षणाची शिफारस जाईल. म्हणजे भिंतीवर चित्रं, पथनाट्य, पुढच्या वर्षी कधीतरी. लस त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही असं निघालं, तर जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी शब्द दिला होता, आठवड्याच्या आत खास पथक येईल आणि उरलेल्या सगळ्या मुलांना टोचेल.

मी त्यांना विचारलं की आठवडा म्हणजे नक्की किती दिवस. कारण भाऊबीज झाली की वीटभट्टीच्या मुकादमाचा ट्रक येतो आणि अख्खी वाडी भट्टीवर जाते. तिथे शंभर वाड्यांची मुलं एका मैदानात झोपतात. लख्या तिथे बिनलसीचा गेला तर काय होईल, हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

"मी माझ्या मनाचं काही लिहीत नाही, बाई," ते म्हणाले. "कागद सांगेल ते लिहितो."

तर जांभळीखाली कागद बोलू लागला.

आईचं शिक्षण किती? नाही. वडिलांचं? नाही. घरात संडास? नाही. मूल आजारी पडल्यावर आधी भगताकडे नेलं का? काळूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खरं असेल ते सांगा काळूदादा. तो म्हणाला, भगत रातच्याला आला, नारळ फोडला, पैसे पण नाय मागितले. डॉक्टरांनी 'होय'वर खूण केली.

मग विचारलं, दवाखान्यात किती दिवसांनी नेलं? काळू म्हणाला, तिसऱ्या दिवशी दाखवली. डॉक्टरांनी तीनचा आकडा लिहिला आणि शेजारच्या 'उशीर' या शब्दाभोवती गोल केला.

पण काळू थांबला नव्हता. तो जमिनीकडे बघत सांगत राहिला. पहिल्या रात्री अंग तापलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच पोरीला खांद्यावर टाकून तो निघाला. तालुक्याला पोहोचला तेव्हा केसपेपरची खिडकी नुकतीच बंद झाली होती. व्हरांड्यात बसला. कुणीतरी विचारलं, कातकरी का? मग त्याला व्हरांड्यातूनही उठवलं, बाकीच्यांना लागण होईल म्हणून बाहेर पिंपळाच्या पारावर बसवलं. रात्र तिथेच गेली. सकाळी खिडकी उघडल्यावर रांगेत पुढच्याने त्याला मागे ढकललं, त्याच्या मागच्यानेही. दुपारी तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं तोवर चिमीचा श्वास वाजायला लागला होता. आत खाटेवर गावच्या सरपंचाचा नातू झोपला होता, तसंच पुरळ, त्याला सलाईन लावलेलं. काळूने त्याला ओळखलं, कारण त्यांच्या शेताची राखण काळूच करायचा.

मी डॉक्टरांना विचारलं, हे कुठे लिहिणार?

त्यांनी फॉर्म उलटासुलटा करून पाहिला. दवाखान्यात किती दिवसांनी नेलं, याला चौकोन होता. तिथे किती वेळ बसवलं, याला नव्हता. भगताला चौकोन होता. पाराला नव्हता. अठ्ठेचाळीस प्रश्न होते त्या फॉर्मात आणि अठ्ठेचाळीसही काळूला विचारायचे होते. खिडकीतल्या माणसाला विचारायचा एकही नव्हता.

"समासात लिहितो," ते म्हणाले, आणि खरंच लिहिलं, बारीक अक्षरात. समास बोटभर रुंद होता.

मला राग आला होता, फार आला होता. पण तेव्हा तो मी सगळाच्या सगळा डॉक्टरांवर काढत होते, मनातल्या मनात. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर, त्यांच्या खुणांवर. दुसऱ्यावर रागावलं की माणसाला स्वतःबद्दल बरं वाटतं. तसं मला वाटत होतं.

मग सत्तेचाळिसावा प्रश्न आला. मुलाला लस का दिली गेली नाही?

काळू म्हणाला, कुणी आलंच नाय.

डॉक्टरांनी पिशवीतून आरोग्य उपकेंद्राचं लसीचं रजिस्टर काढलं. जाड पुठ्ठ्याचं, निळ्या कापडी पाठीचं. खुणेचा कागद घातलेलं पान उघडून त्यांनी शांतपणे वाचलं. नऊ ऑगस्ट. टेपाची वाडी. हिलम काळू. घर बंद. कुटुंब वीटभट्टीवर. खाली मुकणे गोमा, घर बंद, कुटुंब वीटभट्टीवर. वाघमारे पांडू, घर बंद. एकोणतीसच्या एकोणतीस.

"सिस्टर येऊन गेल्या होत्या, काळूराव," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात दोष देण्याचा सूर नव्हता, आणि त्यानेच ते जास्त टोचलं. "तुम्ही लोक इथे नव्हता."

काळूने मान हलवली. नाही म्हणून हलवली की हो म्हणून, ते कळलं नाही. सरकारी पुस्तकासमोर त्याच्यासारखी माणसं वाद घालत नाहीत. पुस्तकात आहे म्हणजे असेलच, आपणच विसरलो असू, असं त्यांना वाटतं. तो म्हणाला, तसं असंल. नंतर म्हणाला, पोरीला भट्टीवर नेली होती का मी तवा? आणि स्वतःशीच आठवू लागला.

डॉक्टरांचं पेन 'कुटुंब गैरहजर' या चौकोनाकडे निघालं. माझ्या शेजारी पाण्याचा तांब्या होता. मी तो उचलला आणि तहान नसताना पाणी प्यायले.

"मला दावा ना ते बुक," बुधी म्हणाली.

काळूने तिला गप्प केलं. पण डॉक्टर हसले. त्यांना मुलं आवडत असावीत. तुला वाचता येतं का, त्यांनी विचारलं, आणि रजिस्टर तिच्यासमोर धरलं. बुधीने लख्याला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. न अडखळता. हिलम काळू, घर बंद, कुटुंब वीटभट्टीवर.

"वा," डॉक्टर म्हणाले. "सिस्टरांचं हाताने लिहिलेलं इतकं सरळ वाचलंस?"

"सिस्टरचं नाय," बुधी म्हणाली. "बाईंचं अक्षर हाय. म्हणून येतं मला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, अजून तरी नाही. पोरीचं ते बोलणं त्यांना बाईंच्या कौतुकाचं वाटलं असावं. बुधीचं बोट मात्र वर सरकलं, तारखेवर.

"नऊ ऑगस्टला मी शाळेत होते," ती म्हणाली. "क्रांतिदिन होता. मी भाषण केलं. चार ओळींचं. बाईंनी मला ही दिली." आणि तिने केसांतल्या पेन्सिलीला हात लावला. "भट्टीवर नव्हतो आमी. पावसात कुठं भट्टी लागते? इटा विरघळतील ना."

"दुसरा कुठला दिवस असेल, बाळ."

"नाय. त्याच दिवशी दुपारी बाई आणि सिस्टर ओढ्यापल्याड उभ्या होत्या. आमी झापेपाशी होतो. आई चुलीपाशी होती, धूर येत होता. चिमी पण होती. मी बाईंना हात केला." ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा कसलीही तक्रार नव्हती. मला आठवण करून द्यायचा उत्साह होता, वर्गात मी एखादा शब्द विसरले की असायचा तसा. "बाईंनी पण केला. केला ना, बाई?"

केला होता.

आता ते सांगायलाच हवं. त्या दिवशी शाळा दुपारी बारालाच सुटली होती. शेवाळे सिस्टर गावातलं लसीकरण आटपून माझ्याकडे आल्या. माझं अक्षर चांगलं, म्हणून रजिस्टर भरायला त्या नेहमी मलाच बोलवायच्या आणि मला त्याचा अभिमान होता. आम्ही ओढ्यापर्यंत गेलो. पाणी गुडघ्याला लागत होतं. त्याच पाण्यातून वाडीची अकरा मुलं एकमेकांचे हात धरून तासाभरापूर्वी घरी गेली होती. सिस्टरांच्या हातात लसीची पेटी होती, बर्फ वितळत आला होता, आणि त्यांच्या नावावर अकरा गावं होती. त्या थकल्या होत्या, हे खरंच आहे. त्या म्हणाल्या, ही माणसं एका जागी असतात तरी कुठं, भट्टीवर गेली असतील. मी म्हटलं, सिस्टर, पावसात भट्टी नसते. त्या हसल्या. मग जंगलात असतील, त्या म्हणाल्या, पण भट्टीवरच लिहा, साहेबांना ते लगेच पटतं. पुढच्या महिन्यात येऊ की.

"लिहा, बाई. घर बंद."

मी दगडावर बसले, मांडीवर रजिस्टर घेतलं आणि मतदार यादीवरून नावं उतरवत एकोणतीस वेळा लिहिलं. अक्षर बिघडू दिलं नाही. मध्ये एकदा मान वर केली, तेव्हा पलीकडे बुधी हात हलवत होती. मी हात हलवला, हसले, आणि परत मान खाली घालून पुढचं घर बंद केलं. बिजागरी नसलेल्या झापेला मी कुलूप घातलं. पुढच्या महिन्यात कुणी आलं नाही. मीही कुणाला आठवण केली नाही.

इकडे जांभळीखाली डॉक्टर आता माझ्याकडे बघत होते. लख्या माझ्या तांब्याकडे हात करत होता.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही मघापासून काही बोलला नाहीत."

मी म्हटलं, माझंच अक्षर आहे.

त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं आणि मागची पानं उलटली. गावठाणात चार घरं बंद होती. चारही नावांपुढे पुन्हा गेल्याच्या तारखा होत्या, कुठे दोन, कुठे तीन. सरपंचांची धाकटी सून माहेरी गेली होती, तिच्या तान्ह्या मुलासाठी सिस्टर तीनदा गेल्या होत्या आणि तिसऱ्यांदा टोचून आल्या होत्या. मग त्यांनी वाडीचं पान उघडलं. एकोणतीस नावांपुढचा तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता.

"हे मी पाहिलं होतं," ते अगदी हळू म्हणाले. "परवा रात्री पाहिलं होतं. मला वाटलं, हे लोक परतलेच नसतील."

तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्हाला तसं वाटलं, सिस्टरना तसं वाटलं, केसपेपरच्या खिडकीला तसं वाटलं. आणि मला तर यांची सगळी माहिती होती. कुणाचा दात कधी पडला तेसुद्धा माहीत होतं. तुम्ही भगताबद्दल विचारता. भगत निदान वाकून घरात तरी गेला.

काळू माझ्याकडे बघत होता. मला त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "मंजी आमी होतो हितं." त्याला स्वतःचीच खात्री पटल्यासारखं.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी सांगितलं की तोंडी बोलण्यावर सरकारी नोंद बदलता येत नाही. काही कागद हवा. मी शाळेतून तशीच आले होते; पिशवीतून शाळेची हजेरी काढली. नऊ ऑगस्टच्या रकान्यात वाडीच्या अकरा मुलांपुढे 'ह' होता, हजर. तोच दिवस, तोच हात, तीच निळी शाई. डॉक्टरांनी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली.

"हे तुम्हाला लेखी द्यावं लागेल," ते म्हणाले. "सहीनिशी. घरोघर जाऊन, त्या दिवशी कोण कोण घरी होतं ते. त्याचा तुम्हाला त्रास होईल, बाई. मी थांबवू शकणार नाही."

त्यांनी पेन पुढे केलं. मला तेव्हा नोकरीत चार वर्षं झाली होती. मी पेनाकडे बघत बसले. खोटं लिहिताना एकोणतीस ओळींत जो हात फक्त एकदा, पोरीला हलवून दाखवण्यापुरता थांबला होता, तो आता उचलेना.

पुढचं झटपट सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. पथक पाचव्या दिवशी आलं. जांभळीखाली पाट मांडून त्यांनी बेचाळीस मुलांना टोचलं. लख्या इतका रडला की त्याचं बघून रांगेतली सगळी रडू लागली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुकादमाचा ट्रक गेला, त्यात लख्या टोचलेला हात धरून बसला होता. मला नोटीस आली, मग बदली. शेवाळे सिस्टरनाही नोटीस आली आणि त्या माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. तालुक्याच्या त्या खिडकीला कुणीही काही विचारलं नाही. डॉक्टरांच्या अहवालात लिहिलं होतं, सेवा पोहोचली नाही. तीन शब्द. चिमी आणि बाकीची सहा त्या तीन शब्दांत कुठेतरी आहेत.

पण हे सगळं नंतरचं. जांभळीखाली अजून पेन डॉक्टरांच्याच हातात होतं आणि मी बसून होते.

बुधी एवढा वेळ दोन्ही पुस्तकांकडे आळीपाळीने बघत होती. बोट ठेवून तिने हजेरीतलं स्वतःचं नाव वाचलं. मग रजिस्टरातलं बापाचं. मग पुन्हा हजेरीतलं. मी तिला वाचायला शिकवलं होतं, आणि ती वाचत होती. तिच्या चेहऱ्यावरचा तो मघाचा उत्साह कुठल्या क्षणी गेला ते मी पाहिलं. तो पुन्हा कधी माझ्याकडे बघताना आला नाही.

तिने लख्याला बापाच्या मांडीवर दिलं. केसांतून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि माझ्यासमोर, उघड्या रजिस्टरावर ठेवला.

"लिहा, बाई," ती म्हणाली.

मग ती वळली, पहिल्या घरापाशी गेली, दोन्ही हातांनी झाप उचलून बाजूला केली, आणि मी उठून, वाकून आत जाईपर्यंत ती तशीच धरून उभी राहिली.